मॅनेजरची बीए झाली तेव्हा

(दृश्य: हिंजवडीचा रस्ता, सकाळची गर्दी)

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत दहा-बारा वर्षं काढली की माणूस बहुतेक वेळा मॅनेजर होतो. मग अप्रेझल, रजांचे अर्ज, एस्कलेशन, रात्रीचे क्लायंट कॉल. ज्या कामाच्या ओढीनं या क्षेत्रात आलो, ते हातातून कधी सुटलं हे कळतही नाही. यातलेच काही जण आपणहून मॅनेजरपद सोडतात आणि बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे बीए होतात: वापरणाऱ्यांची गरज समजून घेऊन सॉफ्टवेअरनं काय करायला हवं ते मांडणारा माणूस. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय गं, पद कमी केलं का तुझं?"

हाताखाली माणसं राहत नाहीत, हे खरं. निर्णयही आपला राहत नाही, आणि जास्त जड जातं ते हेच.

(दृश्य: चाकण, गोदामाचं दार, टेम्पोतून उतरणारे खोके)

चाकणमधल्या एखाद्या गोदामात उभे राहून बघा. चलनावर ५०० नग, मोजले तर ४८०. सॉफ्टवेअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करताना आकडा एकच टाकता येतो. स्टोअरकीपर ४८० टाकतात आणि कमी आलेले २० आपल्या वहीत लिहून ठेवतात. मीटिंगमध्ये या वहीबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती साहेबांना माहीतच नसते. "दादा, टेम्पो आल्यापासून काय काय करता, जरा दाखवता का?" एवढं विचारून बीएनं गप्प राहायचं असतं.

जुन्या मॅनेजरच्या तोंडावर उत्तर आलेलं असतं: एक रकाना वाढवा, झालं! पण २० नगांचे पैसे कापायचे की माल मागून घ्यायचा, हे खरेदी विभाग ठरवणार. जो माल हातात आलाच नाही, त्यावरचं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, म्हणजे अकाउंट्सही आलं. हे दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत असताना त्यांना एका टेबलाशी बसवायचं, कुणाचाही मान न दुखवता मुद्दा पुढे न्यायचा, इथे टीम सांभाळलेला माणूस उजवा ठरतो. माझ्या मते त्या सगळ्या वर्षांची खरी कमाई हीच.

(दृश्य: संगणकावर परीक्षेचा अर्ज)

प्रमाणपत्रांचं म्हणाल, तर २००३ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस'ची सीबीएपी ही परीक्षा नावाजलेली आहे. तिच्यासाठी गेल्या दहा वर्षांत ७,५०० तासांचा अनुभव लागतो, आणि तोही विश्लेषणाच्याच कामाचा. नव्यानं वळणाऱ्यांसाठी त्याच संस्थेची ईसीबीए आहे; तिला अनुभवाची अट नाही.

ज्यांच्या मनात हा बदल घोळतोय, त्यांनी राजीनाम्याचा विचार करण्याआधी आपल्याच प्रोजेक्टची पुढची यूएटी, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून होणारी सॉफ्टवेअरची चाचणी, मागून घ्यावी. वापरणाऱ्याच्या शेजारी बसावं, माऊसला हात लावू नये, आणि तो जिथे अडतो ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावं.