नव्वद दिवस उघड्यावर

ॲरिझोनातलं टूसॉन. डेव्हिस-मंथन हवाई तळ. इथली हवा इतकी कोरडी की विमान वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलं तरी सहसा गंजत नाही. रांगेत दिसताहेत ती बी-५२ : आठ इंजिनं, ५६ मीटरचा पंखविस्तार. पोटात अणुबॉम्ब घेऊन सोव्हिएत संघाच्या हद्दीत खोलवर जाण्यासाठी बांधलेली.

आता क्रेनकडे बघा. वर टांगलंय ते पोलादी पातं, वजन जवळपास ६ टन. ते उंचावरून नुसतं सोडायचं.

(पातं पडतं. आवाज ऐकू द्या.)

शेपटी वेगळी, दोन्ही पंख वेगळे, उरलेल्या धडाचे दोन तुकडे. कुठं आणि किती कापायचं, हे क्रेनवाल्याच्या मर्जीवर नव्हतं. जुलै १९९१ मध्ये अमेरिकेचे थोरले बुश आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव यांनी सह्या केलेल्या ‘स्टार्ट’ या अण्वस्त्रकपातीच्या करारानं ते ठरवलं होतं. तुकडे लगेच उचलायलाही मनाई. ९० दिवस ते असेच पडून राहणार, म्हणजे रशियन उपग्रहांना वरून मोजता यावेत. शत्रूला आपला हिशेब तपासू देण्याची ही रीत आज कुणाला खरीही वाटणार नाही. अशी ३६५ विमानं कापली गेली.

बॉम्बचं काय? करार विमानं, क्षेपणास्त्रं आणि सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रं ठेवायच्या जमिनीखालच्या विहिरी, नष्ट करायला सांगत होता. बॉम्ब सुटे करण्याची सक्ती त्यात नव्हती. ते काम टेक्सासमधल्या पँटेक्स कारखान्यात चालतं. तिथलं चित्रण आपल्याकडे नाही.

हे युक्रेनमधलं पेर्वोमाईस्क. ४ जून १९९६. स्फोटानं उडवलेल्या सायलोच्या जागी सूर्यफुलं लावताहेत ते तिघं अमेरिका, रशिया आणि युक्रेनचे संरक्षणमंत्री. युक्रेनमधली शेवटची अण्वस्त्रं त्याच आठवड्यात रशियाला पोचली होती.

१९८६ मध्ये जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं होती. आज नऊ देशांकडे मिळून १२ हजारांच्या आसपास, त्यातली जवळपास नऊ दशांश अमेरिका आणि रशिया या दोघांकडेच.

२०१० च्या ‘न्यू स्टार्ट’मध्ये वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची सोय होती. २०२० मध्ये कोविडमुळे त्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. २०२३ मध्ये रशियानं सहभाग स्थगित केला. ५ फेब्रुवारी २०२६ ला मुदत संपली. उपग्रह फिरताहेतच. पण सायलोच्या झाकणाखालच्या क्षेपणास्त्रावर किती अण्वस्त्रं बसवलीत, ते वरून मोजता येत नाही.