गुरगुरण्याच्या आधी

(दृश्य : घराचा उंबरठा. कुत्रा अर्धा आत, अर्धा बाहेर.)

हा खंड्या. वय तीन वर्षांच्या आसपास. नेमकं कुणालाच ठाऊक नाही. आज तो या घरात पहिल्यांदा पाऊल टाकतोय. पुढचे दोन पाय आत टाकले आणि तिथेच थांबला. घरच्या ताईंनी पट्टा इतका सैल सोडलाय की तो फरशीला टेकलाय. "ये रे आत," असं एकदाच म्हणून त्या खाली बसल्या, त्याच्याकडे पाठ करून. हे पाठ करून बसणं लक्षात ठेवा. अंगावर वाकून, दोन्ही हात पुढे करून केलेल्या स्वागताची नवख्या कुत्र्याला भीती वाटते.

आता हेच दृश्य संथ गतीनं बघू. नजर त्याच्या तोंडावर ठेवा.

जीभ बाहेर आली, नाकाच्या शेंड्याला लागली, आत गेली. समोर खायला काहीच नव्हतं. मान बाजूला वळली. मोठी जांभई आली, पण झोप आलेली नाही. आणि हा डोळा... कोपऱ्यात पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय. नेहमीच्या वेगात हे सगळं पापणी लवेपर्यंत होऊन गेलं होतं. ताण आला की कुत्र्याच्या अंगावर या खुणा उमटतात. नॉर्वेच्या प्रशिक्षक ट्युरिड रुगास यांनी अशा खुणांना 'शांत करणारे संकेत' म्हटलं. त्यातला प्रत्येक संकेत समोरच्याला शांत करण्यासाठीच असतो का, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. आपल्याला इतकं कळलं तरी पुरे, की खंड्या आत्ता बोलतोय, आणि तोंडातून आवाजही न काढता बोलतोय.

(दृश्य : शेपूट, जवळून.)

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. ते शेपूट काय सांगतं, हे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. हलतंय म्हणजे खूश आहे, इथेच आपलं वाचन संपतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांच्या शेपटांचं चित्रण करून मोजमाप घेतलं. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकायचं. अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. आपल्याला नुसत्या डोळ्यांनी हे टिपणं अवघड. उंची मात्र दिसते. ताठ, उंच, थरथरतं शेपूट म्हणजे ताणलेली तार. कमरेसकट डोलणारं सैल शेपूट म्हणजे स्वागत. खंड्याचं शेपूट आज पोटाशी चिकटलेलं आहे.

(दृश्य : तीन आठवड्यांनंतर. सकाळचं फिरणं. धुळीत नाक.)

हे दृश्य मिळवायला आमचा कॅमेरामन जमिनीवर पालथा पडला होता. नाकपुड्यांच्या कडेला असलेल्या या चिरा बघा. श्वास समोरून आत जातो आणि या चिरांमधून बाजूला बाहेर पडतो. बघा, धूळ उडाली! बाहेर जाणारी हवा जमिनीवरचा वास ढवळते आणि नवा वास नाकाकडे येतो. सेकंदाला पाचेक वेळा हे चालू असतं. आत गेलेल्या हवेचेही दोन वाटे होतात. मोठा वाटा श्वासासाठी फुप्फुसाकडे जातो, तर लहान वाटा नाकाच्या अगदी मागच्या, गुंडाळीसारख्या पातळ हाडांच्या कप्प्यात फिरतो. वास ओळखणाऱ्या पेशी तिथे आहेत. आपल्याकडे त्या पन्नास-साठ लाख असतील. कुत्र्याकडे वीस कोटींच्या वर. शिवाय टाळूच्या वर एक वेगळं इंद्रिय आहे, जे दुसऱ्या प्राण्यांनी सोडलेले रासायनिक निरोप टिपतं.

या खांबापाशी खंड्या किती वेळ थांबलाय ते बघा. आम्ही हे दृश्य कापलेलं नाही. इथून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे सगळं तो वाचतोय. आपण अशा वेळी "चल, चल" म्हणत पट्टा ओढतो. कुणी वर्तमानपत्र वाचत असताना ते हातातून खेचून घ्यावं, तसं आहे हे. ताई थांबल्यात. पट्टा इंग्रजी 'जे' अक्षरासारखा खाली लोंबतोय. त्यांच्या फिरण्याला आता दुप्पट वेळ लागतो आणि अंतर निम्मं होतं. घरी आल्यावर खंड्या दमून झोपतो.

हुंगण्यानं मन कसं बदलतं, यावर एक देखणा प्रयोग झालाय, २०१९ चा. कुत्र्यांना आधी दोन जागा शिकवल्या : एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागी भांडं रिकामं. मग भांडं मधोमध ठेवलं. आता यात खाऊ असेल की नसेल? त्यानंतर काही कुत्र्यांनी दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायचा खेळ खेळला. बाकीच्यांनी मालकाच्या पावलाला पाऊल लावून चालायचा सराव केला. पुन्हा भांडं मधोमध. हुंगणारी कुत्री आता पूर्वीपेक्षा लवकर तिकडे गेली. चालण्याचा सराव केलेल्यांमध्ये असा फरक पडला नाही. ज्या भांड्याचा भरवसा नाही, त्यातही काहीतरी असेल, अशी आशा हुंगणाऱ्यांना वाटू लागली होती.

(दृश्य : फाटलेली उशी. दारात ताई. कोपऱ्यात खंड्या.)

हे ओळखीचं दृश्य आहे. कान मागे, नजर खाली, अंग आकसलेलं. "बघा, चूक केलीय हे त्याला कळतंय!" असं आपण लगेच म्हणतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर याची पारख केली. मालकानं खाऊला तोंड लावू नको म्हणून सांगायचं आणि बाहेर जायचं. कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी नाही. पण मालकाला दर वेळी खरं सांगितलं जायचं नाही. अपराधी चेहरा कुणाचा झाला? ज्याला रागावलं गेलं, त्याचा. खाऊ खाल्ला होता की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. उलट, न खाता बोलणी बसलेल्यांचे चेहरे जास्त पडले. खंड्याच्या चेहऱ्यावर आत्ता जे दिसतंय, ती ताईंच्या आवाजाला दिलेली उत्तरं आहेत. उशी फाटून तर दोन तास झालेत.

'मालक कोण ते एकदा दाखवून द्या,' हा सल्ला आजही सर्रास मिळतो. त्यामागची कळपप्रमुखाची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून मांडली होती. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं. तेही स्वतःचंच आधीचं लेखन दुरुस्त करत. सल्ले देणाऱ्यांपर्यंत ती दुरुस्ती अजून पोचलेली नाही.

(दृश्य : जेवणाचं भांडं.)

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. खंड्या खातोय. ताईंचं पाऊल जवळ आलं. खाणं थांबलं. नाक भांड्यातच, पण अंग दगडासारखं झालं. पुढे आणखी एक पाऊल... आणि हा आवाज. बारीक गुरगुर.

अनेक घरांत या क्षणी फटका बसतो. ताई काय करतात बघा. त्या थांबल्या. एक पाऊल मागे गेल्या. दुसऱ्या दिवशी, भांड्यापासून लांबून जाताना, त्यांनी चालता चालता आवडीच्या खाऊचा एक तुकडा त्याच्या दिशेनं टाकला आणि तशाच पुढे गेल्या. थांबल्या नाहीत, वाकल्या नाहीत. रोज असंच. अंग ताठ झालेलं दिसलं की अंतर वाढवायचं, सैल दिसलं की थोडं कमी करायचं. सोळाव्या दिवशीचं हे चित्रण आहे : पावलाचा आवाज आला आणि खंड्यानं मान वर करून वाट पाहिली. शेपूट कमरेच्या पातळीवर, हलतंय.

२०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षणशाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास केला. झटके, ओरडा, शिक्षा यांवर शिकणाऱ्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं. मघाशी पाहिलेल्या, मधोमध ठेवलेल्या भांड्याच्या परीक्षेसारख्याच परीक्षेतही, जास्त शिक्षा सोसलेली कुत्री अधिक निराश निघाली.

फटके मारून गुरगुर बंद पाडली, तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावू शकतो. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच डॉक्टरांकडे जायचं.

(दृश्य : पशुवैद्यांचं टेबल.)

शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर आधी इथे या. दुखणारी कंबर, कान, दात बऱ्याचदा स्वभावाच्या नावावर खपून जातात.

(दृश्य : संध्याकाळ. फरशीवर ताई, शेजारी खंड्या.)

आज चार महिने झाले. ताई त्याच्या छातीवर हात फिरवतायत, डोक्यावर नाही. वरून येणारा हात त्याला अजून नकोसा वाटतो, आणि ते त्यांनी मान्य केलंय. आता त्या हात काढून घेतील आणि तीन मोजेपर्यंत थांबतील. हे त्या रोज करतात. तो उठून गेला तर जाऊ देतात. मान वळवली तरी पुरे झालं असं समजतात.

हात थांबला.

एक. दोन.

(इथून निवेदन नाही. खंड्या पुढचा पाय उचलून ताईंच्या मनगटावर ठेवतो. दृश्य पूर्ण चालू द्यावं.)