पेटीत पडलेलं नाणं

ही पेटी नीट बघा. जाड लाकूड, वरून लोखंडी पट्ट्या. जर्मनीतल्या युटरबोग गावी, सेंट निकोलस चर्चमध्ये ती आजही ठेवलेली आहे. टेट्झेलची पेटी म्हणून लोक ती दाखवतात. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन साधू. 1517 मध्ये तो या भागात क्षमापत्रं विकत फिरत होता.

क्षमापत्र म्हणजे पापाची क्षमा नव्हे, हे आधी सांगायला हवं. क्षमा मिळायची ती पापकबुलीनंतर. त्यानंतरही भोगायची उरलेली शिक्षा या पत्रानं माफ होते, अशी शिकवण होती. पण चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला एवढा बारकावा कोण समजावून सांगणार?

आणि पैसा जायचा कुठं? रोमला, पोपच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला, असं सांगितलं जाई. ते निम्मंच खरं होतं. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त वयाची पंचविशी गाठण्याआधीच, 1514 मध्ये, माइन्झचा आर्चबिशप, म्हणजे वरिष्ठ बिशप, झाला. माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद हाताशी असताना हे दुसरंही हवं, म्हणून त्याला रोमला घसघशीत रक्कम मोजावी लागली. ती दिली फुगर घराण्याच्या पेढीनं, कर्जाऊ. फेड क्षमापत्रांतून. निम्मी कमाई रोमला, निम्मी पेढीला. पेढीचा माणूस हिशेबाला जातीनं हजर. दरही बांधलेले होते. राजे आणि बिशप यांना 25 सोन्याचे गिल्डर, पुढं ऐपतीप्रमाणे कमी. ज्याच्याकडं दमडीही नाही त्यानं उपास आणि प्रार्थना करावी, अशी सोयही लिहून ठेवली होती. ती कुणी घसा फोडून सांगितली असेल, असं वाटत नाही.

हे विटेनबर्गच्या किल्ल्यातलं चर्च. जुनं लाकडी दार 1760 मध्ये जळालं. समोर दिसतंय ते ब्राँझचं, 1858 मधलं. त्यावर मार्टिन लूथर या साधूनं क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध मांडलेले 95 मुद्दे कोरले आहेत. लूथरनं ते खरंच दारावर ठोकले का, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण 31 ऑक्टोबर 1517 या तारखेच्या पत्रासोबत त्यानं ते आर्चबिशपला पाठवले, म्हणजे आल्ब्रेख्तलाच! 86वा मुद्दा विचारतो: पोपकडं एवढी संपत्ती आहे, तर गरीब भाविकांच्या पैशाऐवजी ते स्वतःच्या पैशानं चर्च का बांधत नाहीत?

पुढं चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं दुभंगलं, लढाया झाल्या. 1567 मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैसे घेऊन क्षमापत्र देणं बंद केलं.

आता हे नाणं, त्याच्याही दीड हजार वर्षं आधीचं, येशूच्या काळातलं. टायर शहराचा चांदीचा शेकेल. एका बाजूला मेल्कार्त हा परका देव, दुसऱ्या बाजूला गरुड. यरुशलेमच्या मंदिराचा वार्षिक कर अर्धा शेकेल, आणि तो याच नाण्यात भरायचा, कारण चांदी चोख. म्हणून मंदिराच्या अंगणात सराफ बसत. नाणं बदलून देत, वर बट्टा घेत. सगळी भाविकांचीच सोय! येशूनं सराफांचे चौरंग उलथले, आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठकीही. कबुतर हे गरिबाचं अर्पण. ज्याला कोकरू परवडत नाही त्यानं कबुतर आणावं, असं यहुद्यांचं नियमशास्त्र सांगतं. येशूच्या जन्मानंतर मरीया आणि योसेफ यांनी हेच अर्पण केलं होतं.

नोव्हेंबर 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात एक नवा चौरंग दाखवला: चर्चमध्ये लावलेलं दरपत्रक. बाप्तिस्म्याचे इतके, मिस्साचे, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीचे, इतके. कॅथलिक चर्चचा कायदा सांगतो की, मिस्साच्या अर्पणात व्यापाराचा भाससुद्धा नको. तरीही असे फलक लागतात.

छप्पर गळतं, विजेचं बिल येतं, हेही खरंच. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो. वर्गणी तेव्हाही जमायची. ज्याला जमेल आणि द्यावंसं वाटेल तो देई, आणि ते पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यावर खर्च होत.