काळा म्हणजे कोणता काळा?

नमस्कार मंडळी. जुनी मोटरसायकल रिस्टोअर करताना रंगाचं फिनिश कसं निवडायचं, हा आजचा विषय. इथे बसलेल्या बहुतेकांनी इंजिनं खोललेली आहेत, वायरिंग उपसलेलं आहे. त्यामुळे प्रायमर कशाला आणि थिनर किती, यात मी वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. आपण शेड जुळवण्यासाठी जीव टाकतो आणि चमक जुळवायची राहून जाते.

शेड अगदी बरोबर असते. कॅटलॉग बघून, मशीनवर तपासून मिसळलेली असते. तरी गाडी उन्हात आणून उभी केली की काहीतरी खटकतं. जाणकार माणूस दोन फेऱ्या मारतो, मान हलवतो, पण नेमकं काय चुकलंय ते त्यालाही चटकन सांगता येत नाही. चुकलेली असते चमक, आणि रंगाच्या थराची जाडी.

काळाच घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ काळ्यातच होतो. १९३०-४०च्या काळात बऱ्याच कारखान्यांत फ्रेम काळ्या इनॅमलच्या हौदात बुडवायचे, निथळू द्यायचे आणि भट्टीत भाजायचे. त्यामुळे खालच्या टोकांना, लगच्या, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांच्या, कडांना रंगाचे ओघळ साचलेले असायचे. टाकीला मात्र रंगाचे जास्त हात मिळायचे, मधेमधे घासणी व्हायची, वरून सोनेरी रेघा हाताने ओढल्या जायच्या. स्टँड आणि बारीकसारीक ब्रॅकेटना जेमतेम झाकण्यापुरता रंग. म्हणजे एकाच गाडीवर तीन काळे झाले. १९४८ साली व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीची ब्लॅक शॅडो आली, तिच्या तर इंजिनाच्या केसिंगनाही भट्टीतलं काळं इनॅमल होतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमवरचा तो काळा चौथा. आज आपण काय करतो? एकच डबा आणतो, सगळे भाग एकाच दोरीवर टांगतो, सगळ्यांवर सारखाच काळा मारतो आणि वर सगळ्यांना क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चमकदार थर. स्टँडसुद्धा आरशासारखा चमकतो. हसताय, म्हणजे तुमच्याही ओळखीत अशी एखादी गाडी आहे!

चमक मोजताही येते. ग्लॉसमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. ते साठ अंशाच्या कोनातून प्रकाश टाकून किती परत आला ते आकड्यात दाखवतं. दहाच्या खाली आलं तर मॅट, सत्तरच्या वर गेलं तर पूर्ण ग्लॉस. आजचा चांगला क्लिअर कोट नव्वदच्या आसपास सहज जातो. पण यंत्र नसलं तरी अडत नाही. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाकीत बघा. कडा सुरीसारखी धारदार दिसली तर तो आजचा रंग. किंचित मऊ, आत खोल गेल्यासारखी दिसली तर जुन्याच्या जवळ आलात.

आणि रेघा! हाताने ओढलेली रेघ टाकीच्या रंगाच्या वर बसलेली असते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती लागते. जिथे ब्रश टेकवला तिथे ती जराशी जाड असते, वळणावर रोडावते. आता रेघा मारून वर तीन हात क्लिअर मारतात, की रेघ काचेखाली गाडली जाते. दिसते छान, पण बोटाला लागत नाही. सॉलिड, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या, रंगाच्या जुन्या टाकीवर क्लिअर कोट कुठून आला, हा प्रश्न मी प्रत्येक पेंटरला विचारतो आणि विचारत राहणार आहे.

आता माझी जुनी तक्रार. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड चिकटवून भट्टीत वितळवलेला थर.

माझ्या एका मित्राने जुन्या ब्रिटिश गाडीची फ्रेम पावडर कोटिंगला दिली. जिथे दिली त्यांचं नाव घेत नाही, रोज फाटकं आणि खुर्च्या करणारी ती माणसं, आपल्या कामात चोख. फ्रेम परत आली ती बघून मित्र खूश. गुळगुळीत, टणक, नखाने ओरखडा उठेना. मी हेडस्टॉकजवळ, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकाला जिथे स्टिअरिंग बसतं तिथे, गेलो आणि फ्रेम नंबर शोधायला लागलो. अंगठा फिरवला, नुसता एक उंचवटा लागला. आकडे पार बुजलेले. पावडरचा थर साधारण साठ ते एकशेवीस मायक्रॉन असतो, आणि जुने पंच केलेले आकडे मुळातच उथळ असतात. कळवल्यावर त्यांच्या माणसाने काय करावं? ग्राइंडर लावला! कोटिंग निघालं, त्याच्याबरोबर दोन आकड्यांचे माथेही निघाले. ज्या नंबरावर गाडीची ओळख, कागदपत्रं, सगळा इतिहास उभा, तो नंबर.

पुढे ऐका. स्टिअरिंगचे बेअरिंग कप बसेनात. आतल्या जागा झाकल्याच नव्हत्या. शंभर मायक्रॉन म्हणजे एका बाजूला ०.१ मिलिमीटर, व्यासात ०.२. जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात हिशेब चालतो तिथे हे फार झालं. कप हातोड्याने ठोकले तर कोटिंग सोलून आत गोळा होतं आणि कप तिरका बसतो. सगळं घासून, बसवून गाडी उभी केली, तर दिवे मिणमिणते. का? इंजिन माउंटिंगच्या प्लेट कोटिंगवर बसलेल्या, फ्रेममधून विजेचं अर्थिंग मिळतच नव्हतं. पावडर हा उत्तम इन्सुलेटर आहे!

सँडब्लास्टिंगबद्दलही आत्ताच सांगतो, नाहीतर राहील. १९७१पासून ट्रायम्फ आणि बीएसएच्या मोठ्या ट्विन गाड्यांमध्ये इंजिनाचं तेल फ्रेमच्या जाड नळीतच असतं. तसली फ्रेम तोंडं बंद न करता ब्लास्टिंगला दिली आणि वाळूचे चार कण आत राहिले, तर ते तेलाबरोबर थेट बेअरिंगपर्यंत जातात. रंग दिसायला कितीही देखणा होऊ दे, इंजिन गेलं.

पावडर कोटिंग वाईट, असं मी म्हणत नाही. रोज वापरायच्या गाडीला, सगळे थ्रेड आणि बेअरिंगच्या जागा झाकून, नंबरची पट्टी सोडून करून घेतलं तर ते टिकतं. पण ते प्लॅस्टिक आहे आणि प्लॅस्टिकच दिसतं. शिवाय एकदा टवका उडाला की गंज आतल्या आत सरकत जातो आणि वरून काही कळत नाही. इनॅमलचा टवका ब्रशने भरता येतो, याचा भरता येत नाही.

बरं, मूळ फिनिश काय होतं हे कळायचं कसं? गाडीच सांगते. टाकीवरच्या बॅजच्या खाली, सीटच्या खाली, हेडलाइटच्या कानांच्या आत, टूलबॉक्सच्या झाकणामागे बघा. जिथे ऊन पोचलं नाही आणि नंतरच्या पेंटरचा हातही पोचला नाही. तिथे बाराशे नंबरचा वॉटर पेपर ओला करून नाण्याएवढ्या जागेत हलक्या हाताने गोल घासा. खोडाच्या आडव्या कापासारखी वर्तुळं उमटतात. सगळ्यात बाहेर कुणीतरी हौसेने मारलेला लाल, मग राखाडी प्रायमर, मग मॅट खाकी, मग काळा, मग धातू. खाकी दिसला की थांबा. गाडी बहुधा लष्करात जाऊन आलेली आहे. बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच अशा हजारो गाड्या दुसऱ्या महायुद्धानंतर नागरिकांच्या हातात आल्या आणि त्यांच्यावर नंतर काळा किंवा लाल चढला. अशा गाडीला कोणत्या काळात न्यायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवून न्या. आणि मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर माझं ऐका, रंगवूच नका. जुन्या वाहनांची ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या २०१२च्या तुरिन सनदेतही जतनालाच पहिला मान आहे.

संयोजक दहा मिनिटं म्हणताहेत. मग निवड पटापट सांगतो.

युद्धापूर्वीच्या आणि १९५०च्या दशकातल्या सॉलिड रंगांसाठी सिंथेटिक इनॅमल किंवा क्लिअरशिवायचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, सॉलिड घ्या. टू-के फार चमकला तर पूर्ण वाळल्यावर दोन हजार नंबरच्या पेपरने हलकं घासून हाताने पॉलिश करा, मशीन नको. १९३८ सालच्या मॉडेलसाठी आलेल्या ट्रायम्फ स्पीड ट्विनचा अ‍ॅमरंथ लाल फ्रेमवरही होता, तिथे सवयीने काळा मारू नका.

डुको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, दिसायला सगळ्यात खरा. पातळ हात, पुष्कळ हात, मग बफिंग. पण तो स्वतःच्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो आणि पेट्रोल सांडलं की टाकीच्या झाकणाभोवती मऊ पडतो. प्रदर्शनाच्या गाडीला चालेल, रोजच्या गाडीला टू-केच बरा.

मेटॅलिकला क्लिअर हवाच, तिथे माझी हरकत नाही. १९६९च्या होंडा सीबी-७५०सारखे कँडी रंग म्हणजे खाली चमकणारा बेस आणि वर पारदर्शक रंग. प्रत्येक हाताबरोबर शेड गडद होत जाते. म्हणून टाकी आणि साइड कव्हर एकाच बैठकीत, मोजून तेवढेच हात. आधी एका पत्र्यावर पट्ट्या करा: दोन हात, तीन हात, चार हात. १९७३च्या बीएमडब्ल्यू आर-९०-एसचा धुरकट रंग हाताने फवारलेला होता, त्यामुळे दोन टाक्या कधीच तंतोतंत सारख्या नव्हत्या. तिथे दुसऱ्या गाडीची नक्कल करत बसू नका, आपल्या टाकीचे फोटो रंग काढण्याआधी काढून ठेवा.

मॅट रंगाला पॉलिश आणि वॅक्स लावायचं नाही, चकाकणारे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

हे घाईत सांगतोय, पण सगळ्यात गंभीरपणे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क बिलकूल पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हा रंग घरी मारू नका, सोय असलेल्या ठिकाणी द्या. देताना फ्रेम नंबरची पट्टी, बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगचे पॉइंट स्वतःच्या हाताने टेप लावून झाका, आणि कोणत्या भागाला किती चमक हवी ते भागागणिक कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

त्या टेबलावर मी एकाच काळ्याचे पाच पत्रे मांडून ठेवलेत, इनॅमलपासून पावडरपर्यंत. चहा घेताना खिडकीपाशी नेऊन तिरके धरून बघा. प्रश्न तिथेच घेऊ.