रीलमध्ये माप नसतं

(बचत गटांच्या ताया, आशाताई आणि अंगणवाडी सेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बीटापासून सुरुवात करू, कारण बीट एव्हाना सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन गेलं आहे. काचेच्या पेल्यात लाल रस ओततात आणि खाली अक्षरं येतात, ‘सात दिवसांत रक्त वाढवा’. रस लाल, रक्त लाल, मनाला लगेच पटतं. आता त्याला माप लावू. १०० ग्रॅम बीटात लोह असतं १ मिलिग्रॅमच्याही आत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. नुसत्या बीटावर भागवायचं म्हटलं तर रोज तीन किलोंच्या वर बीट खावं लागेल. उलट १०० ग्रॅम ज्वारीत जवळपास ४ मिलिग्रॅम लोह आहे. दिवसाला तीन भाकरी, म्हणजे अंदाजे २४० ग्रॅम पीठ धरलं, तर साडेनऊ मिलिग्रॅम तिथेच आलं. पण ज्वारीच्या भाकरीचं रील कोण बनवणार? ती काही लाल दिसत नाही.

व्हिडिओ खोटा होता का? तसंही नाही. बीटात लोह आहेच, फक्त किती ते सांगितलं नव्हतं. आपल्यापर्यंत येणारे आरोग्याचे बहुतेक सल्ले असेच अर्धे असतात. म्हणून ‘हे खरं की खोटं’ यात डोकं घालण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. किती? कोणासाठी? आणि कशाऐवजी? व्हॉट्सअॅपवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर त्याचा अर्थ तो निरोप निदान पाच हातांतून आलाय. तो डॉक्टरांनी तपासलाय असा अर्थ त्यात कुठेच नाही.

लोहाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात जात नाही. धान्य-भाजीतल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो, आणि तोही अडवण्याचं काम आपल्याकडे चहा करतो. सकाळी निंदणाला निघताना चहासोबत शिळी भाकर, दुपारी धुऱ्यावर डबा संपतो न संपतो तोच कोरा चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहा सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि गरजही नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुरतं. याउलट आंबट पदार्थ लोहाला मदत करतात. वरणावर, भाजीवर लिंबू पिळायचं ते ताटात. उकळत्या वरणात पिळलं तर क जीवनसत्त्वाचा बराच भाग जळून जातो. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत केली की आंबटपणामुळे कढईचंही थोडं लोह उतरतं. मात्र भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर ती काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते. गुळाबद्दल विचाराल, तर १० ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. गरोदर नसलेल्या बाईला ते १२ च्या वर हवं, गरोदरपणी ११ च्या वर. इतकी तूट एकट्या जेवणातून लवकर भरून निघत नाही. त्यासाठी लाल गोळी आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी निघालं तर डोस वाढतो, पण तो सिस्टर किंवा डॉक्टर ठरवतील, यूट्यूब नाही. शी काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. गोळीने बाळ काळं होतं, हे मात्र साफ चूक. उपचाराचा डोस नीट घेतला तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळ्या वाढवत बसू नका, कारण शोधायला पाठवा.

आणि विदर्भात ते कारण पुष्कळदा सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, असतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, इकडे मेळघाट. ‘कोणासाठी?’ हा प्रश्न इथे सगळ्यात महाग पडतो. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे हा आजार असलेल्या, मुलीचं रक्त कमी असतं ते तिच्या तांबड्या पेशी वेळेआधी तुटतात म्हणून. तिच्या अंगात लोह कमी असेलच असं नाही, आणि वारंवार रक्त चढवलेलं असेल तर ते उलट साठलेलं असतं. तिला कोणी ‘लोह वाढवणारं’ चूर्ण पाजलं तर उपकार होत नाही, अपाय होऊ शकतो. तिला लागतं फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी, थंडी आणि अतिश्रमापासून जपणूक, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध रोज. एएस पॅटर्न म्हणजे वाहक. त्या बाईला इतर कोणाहीसारखी लोहाची कमतरता होऊ शकते आणि लाल गोळी तिच्यासाठीही आहे. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर दर गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. जिने सिकलसेल बरा होईल अशी कोणतीही पालेभाजी नाही.

वजन कमी करण्याची रीलंही याच प्रश्नात अडकतात. सोळा तास उपाशी राहा, असं शहरातली, दिवसभर बसून काम करणारी बाई दुसऱ्या तशाच बाईला सांगते. आपल्याकडची कापूस वेचणीची बाई सकाळी सातला चहावर निघते आणि दुपारी एकला डबा उघडते. ती तो उपास न ठरवताच करत आली आहे. तिला सकाळी भाकर आणि मूठभर भाजलेले फल्लीदाणे कसे मिळतील, याचं रील हवं.

आता सोयाबीन. पीक आपलं, पोती घरात, त्यामुळे ‘कणकेत सोयाबीन टाका, प्रथिनं मिळवा’ हा सल्ला लवकर पसरतो. सल्ला चांगला आहे, पण मधल्या पायऱ्या कापलेल्या असतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात. कच्चं दळून पोळ्या केल्या की पोट फुगतं, संडास लागते, आणि मग घरातले म्हणतात, सोयाबीन ढोरांचंच खाणं. म्हणून आधी निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. उकळत्या पाण्यात टाकून २० ते २५ मिनिटं चांगलं उकळू द्या. मग निथळून कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. ओलसर राहिला तर चक्कीत चिकटतो आणि पिठाला बुरशी येते. ९ किलो गव्हाला १ किलो सोयाबीन पुरे. त्यात तेल असल्याने पीठ लवकर खवट होतं, उन्हाळ्यात तर फार लवकर, तेव्हा १५ दिवसांचंच दळा.

पेरणीतून उरलेलं बियाणं या कामाला कधीही घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-लालसर रंग दिसतो, आणि धुऊन ते जात नाही. हे एकाही रीलमध्ये सांगत नाहीत, कारण रील बनवणाऱ्याच्या घरात बियाण्याची पिशवी नसते.

एवढं करून हाती काय येतं? चार पोळ्यांत साधारण १२ ग्रॅम सोयाबीन, म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण साडेसहा ग्रॅम देतं. तेव्हा सोयाबीनची पोळी वरणाच्या जोडीला. वरणाऐवजी नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो. हसू येतं ना? तुरीच्या मुलखात राहून आपलं वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसतो. तिथवर एकदम पोहोचता येणार नाही, पण पाचाचे सात किलो होऊ शकतात. तेल माणशी २७ ग्रॅम, पाच जणांना महिन्याला चार किलो. मीठ माणशी ५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण किलो, लोणचं-ठेच्यासकट. किराण्याची चिठ्ठी काढा आणि ताडून पाहा. कॅलरी मोजण्यापेक्षा हे सोपं आहे.

‘कशाऐवजी?’ हे थोडक्यात सांगते. शुगर-बीपीची गोळी बंद करून काढा, असं जिथे येईल तिथे थांबायचं. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, वंध्यत्व बरं करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. चूर्णाचा डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा. आरोग्यपूरक म्हणून विकलेल्या डब्यावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापावंच लागतं. व्हिडिओत औषध, डब्यावर औषध नाही.

मग आपण स्वतः ग्रुपवर काय टाकायचं? लिहिलेलं कमी, बोललेलं जास्त. मिनिटाच्या आतला आवाज, एकच विषय, माप घरच्या भांड्याचं, सुरुवातीला तारीख आणि बोलणारीची ओळख. असं: ‘आज पाच तारीख, मी गावातली आशा बोलते. लाल गोळी रात्री जेवण झाल्यावर पाण्यासोबत घ्या, चहा-दुधासोबत नको. कॅल्शियमची गोळी दिवसा, दोघींत दोन तासांचं अंतर. शी काळी होईल, भिऊ नका. मळमळलं तर बंद करू नका, मला सांगा. एसएस पॅटर्न असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.’ बस. याला फुलाचं चित्र, सुप्रभात काही लावू नका.

हा आवाज कोणाच्या फोनवर वाजेल, तेही ध्यानात घ्या. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या ग्रामीण बायांपैकी इंटरनेट कधीतरी वापरलेल्या जेमतेम २४.६ टक्के होत्या. तेव्हापासून फोन वाढले असतील, पण अजून पुष्कळ घरांत तो नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. त्यामुळे कोणाचा हिमोग्लोबिनचा आकडा, कोणाचा सिकलसेलचा निकाल ग्रुपवर टाकायचा नाही, शाबासकी म्हणूनही नाही. आणि पाळीत फार जाणं, जे रक्त कमी होण्याचं मोठं कारण आहे, ते ग्रुपवर विचारून कळणार नाही. सात दिवसांच्या वर जातं का, दर तासा-दोन तासांनी कापड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, हे गृहभेटीत, सासू आत गेली की विचारा. एकीलाही ‘हो’ म्हणावं लागलं तर तिला बीट नाही, दवाखाना.