गोळी द्यायची का?

नमस्कार श्रोतेहो.

वर्गात एका जागी न बसणारं, रांगेत धक्के देणारं, प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकून देणारं पोर. डायरीत लाल शाईचे शेरे वाढत जातात आणि एक दिवस शाळेतून निरोप येतो: डॉक्टरांना दाखवा, औषध सुरू करा. घरी आजी म्हणते, "याचा बापही असाच होता, गोळ्याबिळ्या काही नकोत." माझ्या मते दोघांचंही लगेच ऐकू नये. आजीचं वाक्य मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो.

हे निदान घाईत करायचं नसतं. त्रास किमान सहा महिने, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवा. पोरगा फक्त गणिताच्या तासाला गोंधळ घालत असेल, तर कदाचित त्याला गणितच येत नसेल. कान, डोळे तपासून घ्या. रात्री घोरतो का, तेही सांगा. ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या मुलाची झोप मोडते आणि ते दिवसा पेंगण्याऐवजी चेकाळतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर आधी पालकांचं प्रशिक्षण, औषधाचा विचार नंतर.

आता गोळी. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं होतं ते डोकेदुखीवर. डोकं दुखायचं काही फारसं थांबलं नाही, पण अभ्यास सुधारला. ही १९३७ सालची गोष्ट. आज एडीएचडीसाठी बहुतेकदा मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध देतात. साधी गोळी तासाभरात लागू पडते, चारेक तासांत ओसरते. त्यामुळे गुण येतो की नाही, ते काही आठवड्यांत कळतं. नाही आला तर डॉक्टरांना विचारून थांबवता येतं. म्हणून मी पालकांना सांगते, आधी कागदावर लिहा: नेमकं काय बदलायला हवं? "शहाणा व्हावा" असं नको. "फळ्यावरचं पूर्ण उतरवून घ्यावं", "मधल्या सुट्टीत मारामारी कमी व्हावी", असं लिहा आणि वर्गाच्या बाईंनाही दाखवा.

या गोळीने भूक मरते. दुपारचा डबा पोळीभाजीसकट परत येतो आणि रात्री नऊला स्वारी स्वयंपाकघरात डबे उघडत फिरते. तेव्हा सकाळी आधी पोटभर न्याहारी, मग गोळी. झोप लांबते. वजन, उंची, नाडी, रक्तदाब दर भेटीत मोजून घ्या. आणि मूल एकदम गप्प, हरवल्यासारखं झालं तर "किती गुणी झाला!" म्हणून हुरळून जाऊ नका. बहुधा डोस जास्त होतोय; डॉक्टरांना कळवा.

अमेरिकेतच १९९९ साली ५७९ मुलांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. चौदा महिन्यांत चंचलपणावर औषधाचा गुण नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त दिसला. तीन वर्षांनी पाहिलं, तर तो फरक उरला नव्हता. गोळीने पोर बसतं. बसल्यावर त्याला शिकवायचं, वेळेवर शाबासकी द्यायची, दप्तर भरायची सवय लावायची, ते काम आपल्याकडेच राहतं.

एक व्यवहाराची गोष्ट. मिथाइलफेनिडेटवर आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याचं नियंत्रण आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलवाला ठेवतही नाही. पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच चौकशी करा. गोळ्या मोठ्यांच्याच ताब्यात ठेवा, आणि शेजारचा बंड्याही फार उड्या मारतो म्हणून त्याला यातली एक देऊन बघू नका.