फिल्टर, तांदळाची पिशवी आणि चिऱ्याची पायरी

नमस्कार, श्रोतेहो. चवथ जवळ आली की फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत नसते. गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान आणायचं, मुंबईहून येणारी मंडळी थिवीच्या नाहीतर मडगावच्या स्टेशनवरून आणायची, म्हणून जो तो गाडी सर्व्हिसिंगला लावतो. रांगेत राहण्यापेक्षा इंजिनाचं ऑइल आणि ते गाळणारा फिल्टर घरीच बदलू, असं कित्येकांच्या मनात येतं. काम अवघड नाही. अंगण राखून करणं तेवढं अवघड.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा अंगण राखलं नव्हतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट काढला, ऑइल व्यवस्थित परातीत घेतलं आणि खुशीत फिल्टरला हात घातला. अर्धा फेरा फिरवतो तोच काळं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून सारवलेल्या अंगणात आणि उताराने थेट चिऱ्याच्या पायरीवर. आई दारात आली, बघितलं आणि एवढंच म्हणाली, "गणपती ह्याच पायरीवरून येणार ना रे?" साबण झाला, सोडा झाला, रॉकेल झालं. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड. प्यायलेलं ऑइल तो परत देत नाही. डाग अजून आहे.

चेंबर रिकामा झाला म्हणजे फिल्टरही रिकामा झाला, असं मी धरून चाललो होतो. पुष्कळ फिल्टरांच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद असताना ऑइल उतरून जाऊ नये, सकाळी चावी फिरवल्याबरोबर ते वर पोचावं, म्हणून ही सोय. त्यामुळे पेलाभर ऑइल आत अडकून राहतं. त्यातून फिल्टर आडवा बसवलेला असेल, तर आटे सुटता सुटताच ते कडेने वाहू लागतं.

तेव्हा फिल्टर पिशवीत धरूनच काढायचा, आणि आधी पिशवीची तयारी. आमच्या घरी उकड्या तांदळाची पाच किलोची जाड पिशवी वापरतो. पण काही पिशव्यांना हवेसाठी बारीक भोकं पाडलेली असतात, म्हणून तांब्याभर पाणी ओतून बघा. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट झालं की पातळ होऊन नीट उतरतं. कढत असताना मात्र हात घालू नका. जॅक मातीत रुततो, त्याखाली फळी द्या. आणि गाडी उचलून चिऱ्यावर टेकवायची आपली जुनी खोड सोडा. चिरा भाराखाली अचानक फुटतो, आणि तेव्हा खाली तुम्ही असता. लोखंडी स्टँडच हवेत.

चेंबर पूर्ण निथळू द्या. मग फिल्टरला पाना लावून तो हाताने फिरेल इतकाच सैल करा आणि पाना बाजूला ठेवा. आता पिशवी खालून वर चढवा आणि पिशवीच्या बाहेरूनच फिल्टर धरून हळूहळू फिरवा. पहिली धार लागली की थांबा. सगळी गंमत ह्या थांबण्यात आहे. धारेचे थेंब होईपर्यंत हात तसाच राहू दे. मग उरलेले फेरे काढा, पिशवीतच फिल्टरचं तोंड वर करा आणि गाठ मारा. फिल्टरखाली सायलेन्सरचा पाइप येत असेल तर स्वयंपाकघरातली फॉइल दुमडून तिची पन्हळ करा आणि आधीच परातीत सोडा. पाइपवर सांडलेलं ऑइल पुढे वाटेत धूर काढतं आणि उगाच धाबं दणाणतं.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर सुटून आली का, तेवढं बोट फिरवून बघाच. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर इंजिन चालू होताच ऑइल उडेल. नव्या रिंगला ताज्या ऑइलचं बोट लावा. फिल्टर हातानेच आवळा: रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, किती ते बहुतेकदा फिल्टरवरच छापलेलं असतं. पाना लावून जोर केलात तर पुढच्या वर्षी तो सोडवताना घाम फुटेल.

नट बसवून नवं ऑइल भरलंत की मिनिटभर इंजिन चालवून खाली डोकवा, बंद करून पाचेक मिनिटांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघा.

आता ते काळं ऑइल. वाळवीवर उपाय म्हणून खांबांना फासायची आपल्याकडे रीत आहे, गटारात ओतणारेही आहेत. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. आपली जमीन जांभ्याची. वर ओतलेलं खाली झिरपतं आणि खाली आपलीच विहीर असते. कॅनमध्ये भरून, पिशवीतल्या फिल्टरसकट, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजात द्या. थेंब सांडलेच तर भाताचं तूस पसरा, रात्रभर राहू द्या आणि तेही पिशवीत भरा.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सारून ठेवा. सकाळी तो कोरडा निघाला तर त्याच्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा आणि माळ्यावर टाका; पुढच्या चवथीला तोच कामाला येईल. नमस्कार.